नेसायची की घालायची?

गुढीपाडव्याच्या आधीच्या आठवड्यात ठाण्यात राम मारुती रोडजवळच्या एका गल्लीत मी ब्लाउज आणायला गेले होते. शिंपीदादांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दोरीवर ओळीने शिवलेल्या नऊवाऱ्या लटकत होत्या, काष्ट्यासकट, ओच्यासकट, जणू आतली बाई तेवढी उठून गेली आहे. भिंतीवर प्रकारांची यादी होती: ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी, लावणी आणि सगळ्यात शेवटी कोळी. एक विशीतली मुलगी जीन्सवरूनच एक नऊवारी चढवून बघत होती. इलास्टिक कंबरेला बसलं, हुक लागला, पदर खांद्यावर गेला. आरशात बघून ती मैत्रिणीला म्हणाली, "दोन मिनिटांत घातली."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना राहवलं नाही. "नेसली म्हणावं गं. साडी घालत नाहीत."

मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "पण काकू, ही घालायचीच आहे ना."

मला हसू आलं, कारण मराठी त्या मुलीचीच बरोबर होती. आपल्या भाषेत अंगावर चढवायच्या गोष्टींना वेगवेगळी क्रियापदं आहेत. सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, दागिने लेतात. आणि लुगडं, पातळ, धोतर, सोवळं नेसतात. नेसायला न शिवलेलं कापड लागतं आणि ते अंगाभोवती बसवणारे हात लागतात. शिवलेल्या नऊवारीत नेसण्याचं काम शिंप्याने मशीनवर आधीच उरकलेलं असतं. गिऱ्हाइकाला उरतं ते घालणं.

त्याच रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हाच विषय निघाला. कुणीतरी लिहिलं की पाडव्याच्या स्वागतयात्रेत आपल्या पथकात यंदा फक्त 'नेसलेल्या' नऊवाऱ्या चालतील, शिवलेल्या घालून येणाऱ्यांनी मागे राहावं. शिवलेली नऊवारी म्हणजे संस्कृतीचा बाजार, असंही एकाने लिहिलं. (हे लिहिणारे गृहस्थ स्वतः रेडिमेड फेटा घालून येतात. टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा की झालं.) मध्यरात्रीपर्यंत मेसेज चालू होते. मी त्या नियमाच्या विरोधात मत दिलं. का दिलं ते मेसेजमध्ये मावलं नाही, म्हणून हा लेख.

नऊवारीला सुई लागली म्हणून ती बाटली, असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या कपाटातली सहावारी उलटी करून बघावी. खालच्या काठाला फॉल लावलेला असतो, दोन्ही टोकांना पिको मारलेला असतो. आत परकर असतो, नाडीचा. वर हुकांचं, कधी पॅड घातलेलं ब्लाउज. खांद्यावर एक पिन, निऱ्यांना एक, कंबरेला एक, आणि लग्नाला जायचं असेल तर मोजायच्याच नाहीत इतक्या. आता तर निऱ्या आधीच इस्त्री करून, क्लिपा लावून, खोक्यात घालून देतात. एवढं सगळं 'नेसणं' आणि इलास्टिक तेवढं 'घालणं', ही रेघ कुणी आणि कुठे मारली?

शिवण नऊवारीलाही परकी नाही. जुन्या बायकांना विचारा, 'दंड घालणं' म्हणजे काय. लुगडं आधी मधोमध विरतं, कारण बसण्या-उठण्याचा सगळा ताण तिथे येतो. मग तो विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन चांगले भाग एकमेकांना शिवायचे. दंड घातलेलं लुगडं नेसून बाहेर जायची लाज वाटायची, पण घरात तेच. गरिबाघरची नऊवारी कापलेली आणि शिवलेली होती. फक्त तिचा फोटो कुणी काढून ठेवला नाही.

आणि ज्या गोल साडीला आज आपण पारंपरिक म्हणतो, तिचं वय तरी काय आहे? माझी आई लग्न होऊन नौपाड्यात आली ती नऊवारीत. शाळेत नोकरी लागल्यावर तिने गोल पातळ नेसायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या आजेसासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. काष्टा नसलेलं नेसणं म्हणजे विकच्छ, आणि विकच्छ नेसून देवाचं काही करायचं नाही, असा त्यांचा दंडक. आई शाळेतून आली की गोल पातळ सोडून नऊवारी नेसायची आणि मग स्वयंपाकघरात पाऊल टाकायची. आज त्याच गोल साडीत आम्ही सत्यनारायणाला बसतो आणि भटजीही काही म्हणत नाहीत.

हे गोल नेसणं सगळीकडे पोचलं त्यात मुंबईचाही हात आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि 1864 च्या सुमारास त्यांच्याबरोबर पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी मुंबईत आल्या. बंगालमधलं त्या वेळचं घरातलं नेसणं चारचौघांत जायच्या सोयीचं नव्हतं. इथे त्या एका पारशी घरी राहिल्या, तिथल्या बायकांची साडी बघितली, तिच्यात फेरफार करून पदर डाव्या खांद्यावर घेतला, खाली परकर आणि वर ब्लाउज घातलं, आणि ती तऱ्हा कलकत्त्याला नेली. तिकडच्या ब्राह्मो समाजाच्या घरांतल्या बायकांनी ती उचलली, पुढे ती पसरत गेली. अगदी आतून उगवलेलं, कुणाचं काही न उचललेलं असं साडीचं नेसणं मला तरी अजून सापडलेलं नाही.

आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, 1865 च्या. 1883 मध्ये त्या डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात; ते तिकडच्या थंडीला मानवणारं नव्हतं आणि तिकडच्या नजरांनाही. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची पायघोळ साडी स्वीकारली. धर्म बदलणार नाही म्हणून ठणकावून सांगणाऱ्या बाईने नेसण्याची तऱ्हा बदलली आणि त्यात तिला काही मोठं गमावल्यासारखं वाटलं नाही. आपणच दीडशे वर्षांनी तिच्या वतीने हळहळायचं काय कारण?

आणि मराठी बायकांना फॅशनची नऊवारी शिकवली कुणी, तर बालगंधर्वांनी. रंगमंचावर स्त्रीभूमिकेत त्यांचा, म्हणजे नारायणराव राजहंसांचा, पदर जसा पडे तसा पडावा म्हणून घरोघर आरशासमोर प्रयत्न चालत. बायकांनी एका पुरुषाकडून लुगडं नेसायला शिकावं आणि त्याला कुणी संस्कृतीचा बाजार म्हणू नये, उलट त्याचं कौतुक तीन पिढ्या पुरावं, हे मला फार आवडतं.

तेव्हा त्या जीन्सवाल्या मुलीला रांगेत मागे उभं करायला माझा विरोध आहे. तिला बुलेट चालवायची आहे, लेझीम खेळायचं आहे, आणि घरात नेसवणारं कुणी नाही. तिची आई माझ्या वयाची, म्हणजे नऊवारी न येणाऱ्या पहिल्या पिढीतली. साखळी आम्ही तोडली आणि आता दोष पोरींना द्यायचा, हे काही खरं नाही.

पण एवढं सगळं म्हणून झाल्यावर मला एक कबुली द्यायची आहे.

माझ्याकडे आजीचं एक इरकल होतं. खरी नऊ वार लांबी, म्हणजे सव्वाआठ मीटर. हिरवट काळं अंग, लाल टोपपदर, त्यावर पांढऱ्या रेघा. काही वर्षांपूर्वी मुलीच्या कॉलेजात 'ट्रॅडिशनल डे' होता. मी ते इरकल उचललं आणि एका शिंप्याकडे शिवायला टाकलं. आणायला गेले तेव्हा त्याने उरलेलं कापड पिशवीत घालून परत दिलं, प्रामाणिक माणूस. मुलीने ते एकदा घातलं. पुढच्या वर्षी तिचं वजन वाढलं आणि ते कंबरेला बसेना. इलास्टिक बदलून झालं, बाजू उसवून झाली. आता ते कुणालाच बसत नाही. आजीला ते सतराव्या वर्षी बसत होतं, चार बाळंतपणांनंतर बसत होतं आणि सत्तरीत काठीसारखी झाल्यावरही बसत होतं. माझ्या हातात आल्यावर ते एका मुलीच्या एका वर्षाच्या मापाचं झालं.

न शिवलेल्या कापडात काय असतं ते मला तेव्हा कळलं. ते मापाचं नसतं, त्यामुळे कुणाचंही होऊ शकतं. सासूचं सुनेला, बहिणीचं बहिणीला. फाटलं की दंड घालायचा, आणखी फाटलं की त्याची झोळी, दुपटी, गोधडी. आमच्याकडच्या एका गोधडीत आजीची तीन लुगडी ओळखू येतात. शिवलेल्या नऊवारीची गोधडी करून बघा. तिरक्या कापलेल्या तुकड्यांचं आणि अस्तराचं काही होत नाही. शिवायची तर नवीन कापड घेऊन शिवावी, आजीच्या लुगड्याला कात्री लावू नये. एवढाच माझा नियम, आणि तो मी मोडून मग शिकले.

आजी नेसायची ते मी लहानपणी रोज बघत असे. पहाटे, अंधारात, आरसा न बघता. एक टोक कंबरेला वेढून पुढे घट्ट गाठ. त्या गाठीवर सगळा डोलारा. परकर नाही, नाडी नाही, पिन तर नाहीच. मग दुसऱ्या बाजूने पदर मापून खांद्यावर. मधल्या उरलेल्या कापडाच्या निऱ्या बोटांत पटापटा पडायच्या, हात पत्ते पिसल्यासारखे चालायचे. निऱ्या खोचून झाल्या की त्यांचा खालचा काठ दोन पायांमधून मागे घ्यायचा, ओढून सारखा करायचा आणि कंबरेत खोचायचा. काष्टा. पुढे जो फुगवटा राही तो ओचा. परसातली फुलं ओच्यात यायची, शेंगा ओच्यात, एकदा तर मांजराचं पिल्लू. पैसे कनवटीला. घाम पुसायला, गरम पातेलं उतरवायला, रडणाऱ्या नातवंडाचं नाक पुसायला पदर. काम निघालं की पदर खोचलेला. नऊ वार कापडात तिचं सामान, तिचे खिसे, तिचा रुमाल आणि तिची विजार असं सगळं होतं.

मराठीने हे सगळं टिपून ठेवलं आहे. पदरमोड करणं, पदरात पाडून घेणं, पदरी पडलं पवित्र झालं, पदर पसरणं, कनवटीला लावणं. इलास्टिकच्या नऊवारीला कनवटी नसते, त्यामुळे हल्ली शिंपी बाजूला मोबाइलचा खिसा लावून देतात. चांगली सोय आहे. आजीने वापरला असता.

तर शिवण की नेसण, हा वाद मला एवढाच वाटतो. दोन्ही बाजूंना थोडंथोडं खरं आहे आणि बाजारात त्याचा निकाल लागूनही गेला आहे. माझं भांडण भिंतीवरच्या त्या यादीशी आहे.

पुन्हा वाचा: ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी, लावणी, कोळी. पहिली चार नावं वाड्यातली. मस्तानी तर 2015 च्या एका हिंदी सिनेमानंतर यादीत आली. त्यातल्या एका नाचात पेशव्यांच्या घरची नऊवारी अशी नेसतील का म्हणून केवढा गदारोळ झाला होता आणि वर्षभरात तीच नऊवारी ठाण्याच्या दुकानांत लागली. पाचवं नाव फडावरचं. सहावं, कोळी, तेवढं या गावचं. आणि ते कुणासाठी शिवतात? शाळेच्या गॅदरिंगमधल्या कोळी डान्ससाठी. चकचकीत सॅटिन, झालर, गुडघ्याच्या वर दोन बोटं.

ठाण्याच्या स्टेशनवर उतरलं की चेंदणी कोळीवाडा हाकेच्या अंतरावर आहे. रेल्वेने त्याचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे केले. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, हे आम्ही शाळेत घोकलं. गाडी ज्यांच्या वस्तीजवळ येऊन थांबली ते कोळी काय नेसत होते, हे कुणी विचारलं नाही. चेंदणीतल्या म्हाताऱ्या मावश्यांचं नेसणं आजीच्या नेसण्यासारखं दिसत नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत आणि पायांना घट्ट बसलेलं, पुढे फुगणारा ओचा नाही, आणि वरच्या अंगाला वेगळं कापड. चिखलात उतरून, ओलं होऊन, डोक्यावर पाटी घेऊन चालायचं असेल तर असंच नेसावं लागतं. पाण्यातल्या बाईला ओचा म्हणजे ओझं.

खाडीच्या पलीकडे, नवी मुंबईत, आगरी बायकांचं तेच. आगर म्हणजे मिठागर. मीठ आणि भात पिकवणारे ते आगरी. घणसोली, गोठिवली, करावे, दिवाळे या गावांतल्या आजीबाईंच्या तोंडी शब्दही लुगडं नाही, लुगरा. 1970 मध्ये नवं शहर वसवायला सिडको आली, भातखाचरं आणि मिठागरं गेली, त्या जागी नोड, सेक्टर आणि आयटी पार्क आले. लुगरा कुणी बंद केला नाही. चिखलात वाकून आवण लावायचं काम गेलं, मिठाचं काम गेलं, मग त्या कामासाठी नेसायची गरज गेली. सुना गाउनमध्ये आल्या, नाती लेगिंग्जमध्ये. ऐरोलीच्या आयटी पार्कात दिवाळीच्या आधी 'एथनिक डे' असतो, तेव्हा त्याच गावातली नात भाड्याने पेशवाई आणते. ज्या जमिनीवर तिची पणजी लुगरा नेसून वाकली, तिथल्या लिफ्टमध्ये ती पेशवाईत सेल्फी काढते. तिला मी बोल लावत नाही. मराठी म्हणून नटायचं तर पेशवाई, हे तिला आम्हीच शिकवलं.

येऊरच्या पाड्यांवरच्या वारली बायकांचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं तर यादीत नावालाही नाही. वारली चित्र मात्र प्रत्येक सोसायटीच्या कंपाउंडवर आहे.

पाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीत 1999 मध्ये सुरू झाली, मग ठाण्यासह गावोगाव पसरली. ती मला आवडते. सकाळी कौपिनेश्वराच्या बाजूला ढोल सुरू झाला की मी घरी थांबू शकत नाही. पण त्या सगळ्या गर्दीत नऊवारी दिसते ती एकाच घराण्याची. कोळीण दिसली तर चित्ररथावर, पुठ्ठ्याच्या होडीत. रस्त्यावरून चालणारी मराठी स्त्री म्हणजे पेशवाई आणि होडीतली म्हणजे देखावा, हे न बोलता ठरून गेलं आहे. साडीच्या अभ्यासक ऋता कपूर चिश्तींनी देशभर हिंडून साडी नेसण्याच्या शंभराहून जास्त तऱ्हा नोंदवल्या. माझ्या शेजारच्या तमिळ मामी मडिसार नेसतात, तेही नऊवारच, काष्ट्यासह. आणि त्यांच्या भाच्या हल्ली तेही रेडिमेड मागवतात. एवढ्या तऱ्हांच्या देशात महाराष्ट्राच्या वाट्याला एकच यावी, तीही वाड्यातली?

इथे वाटतं की उपाय सोपा आहे: कोळी, आगरी, वारली बायकांनी आपापलं लुगडं नेसून यात्रेत यावं. मलाही तसंच वाटत होतं. मग महाड आठवलं.

डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या बायकांना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की तुमच्या नेसण्यावरून, अंगावरच्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता. लुगडं गुडघ्यापर्यंत न नेसता वरच्या जातीतल्या बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा, त्या खुणा टाका. आणि त्या बायकांनी ते लगेच ऐकलं. त्यांच्यासाठी आखूड लुगडं ही कामाची सोय नव्हती, इतरांनी लादलेली खूण होती. जे नेसणं टाकणं हाच स्वाभिमान होता, ते 'विविधता' म्हणून परत नेसा असं त्यांच्या नातींना सांगायचा अधिकार नौपाड्यातल्या मला कुणी दिला?

म्हणजे आखूड लुगडं एकाच अर्थाचं नाही. एका वस्तीत ती समुद्राची सोय, दुसरीत जातीचा शिक्का, आणि कुठे दोन्ही एकमेकांत गुंतलेलं. कोणतं लुगडं जपायचं आणि कोणतं टाकायचं हे ते नेसणाऱ्या घरांनीच ठरवायचं. बाकीच्यांनी, विशेषतः ज्यांच्या आज्यांना कुणी कधी 'वर नेसा, खाली नेसा' म्हणून हुकूम सोडला नाही त्यांनी, गळ घालू नये. सक्ती तर कुठलीच नको. राज्य सरकारने मार्च 2024 मध्ये शिक्षकांच्या पोशाखाचे नियम काढले, त्यात शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. शिक्षिकेने काय घालून शिकवावं यावर कागद निघतो. तिला शिकवायला वेळ मिळतो का, यावर कधी निघेल ते बघू.

मग मागायचं काय? मी तीन गोष्टी मागते, आणि त्या नटण्याच्या नाहीत.

पहिलं, नोंद. ज्यांना द्यायची असेल त्यांच्याकडून. चेंदणी, विटावा, दिवाळे, घणसोली, येऊर इथल्या सत्तरीपुढच्या बायका नेसताना पुढून आणि मागून, सावकाश चित्रित करा. एकेका वळणाला त्या काय म्हणतात ते त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच आवाजात घ्या. लुगडं दिसेल पण शब्द गेला तर अर्धं गेलं. चित्रणाचे पैसे त्यांना द्या. रोजगार बुडवून त्या बसणार आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं आहे. पुस्तकं जपणाऱ्या गावाला दोनचारशे मिनिटांचं चित्रण जपणं जड नाही.

दुसरं, धंदा. महापालिका बायकांसाठी शिवणकामाचे, ब्यूटी पार्लरचे वर्ग घेतात. त्यात नेसवणं का नाही? लग्नसराईत मेकअपवाली आपल्याबरोबर नेसवणारी आणते आणि तिचे वेगळे पैसे लावते. ही विद्या विकली जाते हे बाजाराने सिद्ध केलं आहे. फक्त ती कोळीवाड्यातल्या मावशीकडून शिकावी आणि शिकवणारी म्हणून मावशीला मानधन मिळावं, एवढं कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. शिंप्यांनाही त्यात बोलवा. खरं कोळी लुगडं कसं बसतं हे त्यांनी एकदा बघितलं तर सॅटिनची झालर आपोआप गळेल.

तिसरं, शाळा. वेशभूषा स्पर्धेत 'कोळीण' हे पात्र बंद करा. वकील, डॉक्टर, झाशीची राणी आणि कोळीण, अशी ती यादी असते. वर्गात चार कोळी मुलं बसलेली असतात आणि समोर त्यांच्या आज्यांचा हावभावासह नाच चालतो.

गटारं तुंबलेली असताना लुगड्यांवर पैसे कशाला, असं आमच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी म्हणेल. गटारं साफ कराच. पण दरवर्षी कमानी, रोषणाई, ढोलांचे मंच यांना पैसे निघतात, तेव्हा गटारं कुणाला आठवत नाहीत. त्यातल्या एका कमानीचे पैसे मी मागते आहे.

आणि साडीत काही करता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी जाता जाता: क्रांती साळवी 2018 मध्ये बर्लिनची मॅरेथॉन नऊवारी नेसून 3 तास 57 मिनिटांत धावल्या. आपल्यातले बरेचजण ट्रॅकपँट घालून तलावपाळीला एक फेरी मारतात आणि भेळ खायला बसतात.

हे सगळं लिहायच्या आधी मी स्वतः शिकावं, म्हणून मागच्या महिन्यात चेंदणीला गेले. मी जिच्याकडून नेहमी बोंबील घेते त्या मावशींना विचारलं, मला तुमच्यासारखं नेसायला शिकवाल का? त्या कोयता थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "नेसाचा त्यान काय शिकवाचा, बाय? आयशीला बगून आला." मग शेजारणीला काहीतरी म्हणाल्या, दोघी हसल्या. मी तशीच उभी. शेवटी त्यांनी हात धुतले आणि म्हणाल्या, गुरुवारी ये, गुरुवारी कोण मासली घेत नाय. आणि तुझा लुगडा तू आण. माझा नाय देणार.

माझ्याकडे लुगडं नव्हतं. आजीचं होतं, ते शिवलेलं.

जांभळी नाक्यावर चार दुकानं फिरले. साधं, सुती, नऊवार, न शिवलेलं, एवढंच हवं होतं. तिघांनी सहावारी दाखवली. चौथे जुने दुकानदार, आईला ओळखणारे. त्यांनी वरच्या फळीकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, मागवावं लागेल, पंधरा दिवस धरा. मी निघाले तसं त्यांनी मागून हाक मारली.

"ताई, घाईचं असेल तर शिवलेली दाखवू का?"